मायनरचं मिसिंग आणि दोन-तीन नंबरची भानगड

गाडी सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं असं त्या दोन महिन्यांत मला किती वेळा वाटलं असेल त्याची मोजदाद नाही. बंद पडलेली गाडी निदान एकच काहीतरी ठाम सांगते. आमची मायनर चालत होती, सेल्फ मारला की सुरू व्हायची, पहिल्या गिअरला निघायची पण, फक्त आयडलला लागली की अंगभर थरथरायची, इतकी की बॉनेटच्या कडेला ठेवलेला पाना सरकत सरकत खाली पडायचा, आणि मागे सायलेन्सरमधून फट... फट... असा मोजून मापून आवाज. सरळ रस्त्यावर वेग घेतला की जरा कमी जाणवायचं, चढ आला की जीवच गेला. थोडक्यात गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे चारपैकी काही सिलिंडरांत पेट्रोल नीट पेटत नव्हतं.

गाडी मॉरिस मायनर १०००, १०९८ सीसीवाली, म्हणजे १९६२ नंतरची, त्याआधीच्या १००० मध्ये ९४८ सीसी यायचं. इंजिन ए-सिरीज. हे इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून आलं आणि मोठं होत होत मिनीमधून थेट २००० सालापर्यंत चाललं, त्यामुळे यावर जगभर एवढ्या लोकांनी डोकं आपटलंय की नवीन बिघाड म्हणून काही उरलेलाच नाही. मी फक्त त्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो.

गाडी बाबांची. त्यांनी ती तीस वर्षं स्वतः दुरुस्त केली, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून ते बाजूला खुर्ची टाकून बसतात आणि कान लावतात. मी पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, जे काही येतं ते शनिवार-रविवारी शिकलेलं. आमची वाटणी अशी की ते बसून बोलणार आणि मी वाकून ऐकणार.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "दोघं कामाला येत नाहीयेत रे. आणि रोज तेच दोघं." मी म्हटलं हो हो, आणि दुर्लक्ष केलं. कारण माझं ठरलेलं होतं, इग्निशनचं, म्हणजे स्पार्क पाडण्याचं, सगळं सामान जुनं झालंय, सगळंच बदलून टाकू.

एका शनिवारी बदललं पण. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणाऱ्या डब्याची) कॅप, त्यात फिरणारा रोटर, स्पार्कसाठी कॉइलचा करंट तोडणारे सीबी पॉइंट, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर, सगळं एका दमात. पॉइंट बसवताना तासभर गेला, कारण पॉइंटच्या खुंटीवर जे बारीक प्लॅस्टिकचे वायसर असतात त्यातला एक मी उलट्या क्रमाने घातला. तिथं गंमत अशी असते की कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर या दोघींनी पॉइंटच्या स्प्रिंगला चिकटायचं पण खालच्या लोखंडी खुंटीला अजिबात शिवायचं नाही, शिवल्या तर पॉइंट उघडला काय आणि मिटला काय, करंट सरळ अर्थला (गाडीच्या बॉडीला) जातो आणि स्पार्कच पडत नाही. ते निस्तरलं, पॉइंटचा गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५ थाऊ, फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) घालून दोनदोनदा बघितला, सेल्फ मारला.

गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली.

बाबा हसले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले, "सहा जणांची एकदम बदली केलीस, आता चोर कोण ते कसं शोधणार?" आणि जुनं सामान कुठं टाकलं ते विचारलं. मी ते कचऱ्यात टाकायच्या बेतात होतो, त्यांनी ते पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायला लावलं. तो डबा लक्षात ठेवा.

मग मी वायरींच्या क्रमावर संशय घेतला. ए-सिरीजचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आणि रोटर फिरतो घड्याळाच्या उलट. यात दोन आणि तीनच्या वायरी आपसात बदलल्या गेल्या तर ते दोघंही मरतात, कारण ज्या वेळी तीनला स्पार्क हवा त्या वेळी तो दोनला जातो आणि दोन नंबर तेव्हा एक्झॉस्ट संपवून हवा आत घ्यायच्या तयारीत असतो, मग कार्बोरेटरमधून फाट्कन बॅक मारते. तसं काही होत नव्हतं, वायरी बरोबर होत्या. तरी काढून परत लावल्या, मनाचं समाधान.

त्यानंतरचे दोन रविवार कार्बोरेटरवर गेले आणि ते मी कुठल्या तोंडाने सांगू. एसयू कंपनीचा कार्बोरेटर दिसायला इतका सोपा असतो की हात शिवशिवतात. वरचा डबा काढा, पिस्टन काढा, सुई पुसा, जेट वरखाली करा, डॅम्परमध्ये तेल घाला. सगळं केलं. फ्लोटची पातळी बघितली, थ्रॉटलच्या दांड्याला जरासा खुळखुळा होता तो बघून "सापडलं!" म्हणून ओरडलो. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, हाताला पेट्रोलचा वास, मिसिंग जसंच्या तसं, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं. "कार्बोरेटर किती आहेत?" म्हटलं एक. "सिलिंडर किती?" चार. "मग तो एकटा दोघांना पोटभर देतो आणि दोघांनाच उपाशी ठेवतो होय?"

इथं खरं तर मला आधी करायचं काम आठवलं. कुठले दोघं, हे मी अजून बघितलंच नव्हतं!

बघायची पद्धत सगळ्यांना माहीत असते. गाडी गरम करायची, आयडल जरा वाढवून ठेवायचा, आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून परत लावायची. चालणाऱ्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन दचकतं, खाली येतं. मेलेल्याची काढली तर त्याला पत्ताही लागत नाही. वायर फार वेळ लोंबकळत ठेवायची नाही, स्पार्कला जायला जागा मिळाली नाही की तो कॅपच्या आतून किंवा कॉइलमधून स्वतःची वाट काढतो आणि मग नवीन बिघाड. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर हा प्रकार करूच नका. आमचे साधे पॉइंट आहेत म्हणून चाललं. एक नंबर काढली, गाडी बसायलाच आली. चार नंबर, तेच. दोन नंबर काढली, काही नाही. तीन काढली, किंचित फरक, म्हणजे असून नसल्यासारखा.

बाबा म्हणाले अजून खात्री करायची असेल तर थंड इंजिन सुरू कर, दोन मिनिटं चालू दे, आणि एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर बोटांनी पाण्याचे थेंब शिंपड. थेंबच हां, ओतायचं नाही, गरम बिडाला तडा जातो. या इंजिनाला एक्झॉस्टचे तीनच रस्ते असतात, एकचा वेगळा, चारचा वेगळा आणि मधला दोन-तीन दोघांना मिळून. पुढच्या फांदीवर थेंब पडला तो चुर्र करून नाहीसा. मागच्या फांदीवर तसाच. मधल्या फांदीवर पडलेला थेंब काही क्षण नुसता बसून राहिला, मग कडेने ओला डाग करत हळूहळू सुकला. मी ते चार वेळा करून बघितलं, इतकं ते स्पष्ट होतं. भाच्याने मोबाइलमध्ये शूटिंग पण केलं.

प्लग काढले. एक आणि चार मातकट तपकिरी, कोरडे. दोन आणि तीन काळे आणि ओले, वास घेतला तर पेट्रोल. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, जळत नव्हतं. ब्लॉकला टेकवून सेल्फ मारला तर चारही प्लगवर स्पार्क दिसला. (हे करताना बाकीच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते, प्लग त्या भोकांपासून लांब धरा.) उघड्यावर स्पार्क पडतो म्हणून आत दाबाखाली पडेलच असं नाही, हे मला माहीत होतं, म्हणून एकचा प्लग दोनला आणि दोनचा एकला लावून बघितला, वायरी पण बदलून बघितल्या. मिसिंग प्लगबरोबर हललं नाही. दोन-तीनमध्येच बसून राहिलं.

आता ही दोन-तीनची जोडी जरा समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळी भानगड तिथंच आहे. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट बिघडला तर तो चारही जणांना त्रास देणार. वायर किंवा प्लग गेला तर एकालाच. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात असेल तर, या इंजिनात इनटेकचे रस्ते दोनच असल्यामुळे, एक-दोन एकत्र आणि तीन-चार एकत्र, त्रास होणार तो एक-दोनला किंवा तीन-चारला. फक्त दोन आणि तीन, शेजारचे, मधले, हे दोघंच एकत्र मरायला फार थोडी कारणं उरतात. एक तर मधल्या सामाईक रस्त्यावरचे दोघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जे सगळ्यात जास्त तापतात. नाही तर त्या दोघांच्या मधली भिंत, म्हणजे हेड गास्केट, इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग.

गास्केटचं नाव मी त्याआधीच खोडून टाकलेलं होतं. का, तर रेडिएटरचं पाणी कमी होत नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, तेलाच्या झाकणाला पांढरट चिकटा नव्हता. गास्केट गेलं की पाणी जातं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण पाणी कधी जाणार, जेव्हा गास्केट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मधे फुटेल तेव्हा. दोन सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर फुटलं तर पाण्याचा संबंधच येत नाही, एकाचा दाब दुसऱ्यात जातो आणि बाहेर काहीही दिसत नाही. हे कळायला मला कागदावर चार गोल काढून बघावे लागले.

तरी सरळ हेड उतरवायचं धाडस होईना. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधला गॅप, बघू म्हटलं. थंड इंजिनावर १२ थाऊ. इथं ती नऊची युक्ती फार कामाची, आठ व्हॉल्व्हना पुढून एक ते आठ नंबर, त्यातला जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर नऊमधून वजा करायचा, जो आकडा येईल तो सेट करायचा. आठ दाबलेला तर एक, सहा दाबलेला तर तीन. प्लग सगळे काढून ठेवले आणि भाच्याला हँडल फिरवायला लावलं, मायनरला पुढून हँडल घालता येतं हे बघून त्याला गाडीबद्दल एकदम आदर वाटायला लागला. चार नंबरचा व्हॉल्व्ह, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, त्याला गॅप जवळजवळ नव्हताच, सहा थाऊची पट्टी पण जाईना. जुन्या बिडाच्या सीटवर शिसं नसलेलं पेट्रोल जाळलं की एक्झॉस्टची सीट हळूहळू खाली जाते आणि गॅप कमी होत जातो, तो प्रकार असावा. सेट केलं, सुरू केली. दोन नंबर किंचित जिवंत झाल्यासारखा वाटला. मी खूश. बाबा म्हणाले, "तुला वाटतंय."

मग एका ओळखीच्याकडून सिलिंडरमधला दाब मोजणारा कम्प्रेशन गेज आणला, जो खरं तर पहिल्या दिवशी आणायला हवा होता. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, भाचा आत बसून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी चार्ज केलेली. अ‍ॅक्सिलरेटर दाबायचं लोक विसरतात, मग हवाच आत जात नाही आणि सगळे आकडे कमी येतात. प्रत्येकाला सहा-सहा दणके. एक नंबर १५० पीएसआय (दाबाचं माप). दोन नंबर ७५. तीन नंबर ७०. चार नंबर १४५.

आकडे कागदावर लिहून मी बाबांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि कागद परत दिला. बोलले काहीच नाहीत.

पिस्टनच्या रिंगा गेल्यात का बघायला दोन नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा गेलेल्या असत्या तर तेलाने फट बुजते आणि आकडा चांगला वर जातो. ७५ चा ८० झाला, म्हणजे काहीच नाही. शेवटची खात्री हवेची. दोन नंबरचा पिस्टन कम्प्रेशनला वर आणला, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली जातो आणि गाडी हलते, आणि जुन्या प्लगचं पोट रिकामं करून त्याला जोडलेल्या नळीतून कॉम्प्रेसरची हवा सोडली. वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून तीन नंबरच्या भोकावर धरली. पट्टी उभी राहिली आणि फुरफुर करायला लागली. दोनमध्ये हवा, तीनमधून वारा. चार नंबरच्या भोकावर धरली, ढिम्म. परत तीनवर, फुरफुर. भाचा म्हणाला, "मामा, आता तरी हेड काढायचं का?"

काढलं.

हेड उतरवणं म्हणजे फार मोठं काम असं मनात बसलेलं असतं, पण या इंजिनाचं एका दिवसात होतं, फक्त घाई करायची नाही. बॅटरी सोडवली, पाणी काढलं, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड बाजूला केला, होस सोडवले. हेडला नऊ नट, त्यातले चार रॉकरच्या पायांमधून जाणारे, म्हणजे रॉकर आणि हेड एकाच वेळी सैल होतात. नट एकदम एक पूर्ण काढायचा नाही, सगळे थोडे थोडे. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) काढताना ओढायच्या आधी गोल फिरवून सुटू द्यायचा, खाली तेलाची पकड असते, सरळ ओढला तर खालचा टॅपेट (इथं गॅप नव्हे, पुशरॉड ज्यावर टेकतो तो तुकडा) सोबत वर येतो आणि घरातून निसटतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून नंबर टाकले आणि पुशरॉड ज्याच्या त्याच्या भोकात उभे केले. हे बघून बाबांनी पहिल्यांदा मान डोलावली.

हेड हलेना. फटीत डिस्मिस घालून उचकटायचा मोह होतो, ते करायचं नाही, तोंडाला ओरखडा पडला की नवीन गास्केट पण गळणार. प्लग परत लावले, नट नुसते दोन आटे ठेवले, पुशरॉड नसल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंदच, आणि हँडलने इंजिन फिरवलं. एक आणि चारच्या कम्प्रेशनने हेड चट्ट आवाज करून आपलं आपण सुटलं. जे दोघं इमानाने काम करत होते त्यांनीच दार उघडून दिलं.

गास्केट उचललं तर दोन आणि तीनच्या मधल्या पट्टीवर तांबं जळून गेलेलं. आगकाडीच्या जाडीएवढी वाट, काळी कुळकुळीत, दोन्ही बाजूंना भुरकट कडा. बाकी सगळं गास्केट जवळपास चकचकीत. बाबांनी ते हातात घेऊन उजेडासमोर धरलं आणि त्या फटीतून माझ्याकडे बघितलं.

पण गास्केट का गेलं हे बघितल्याशिवाय नवीन टाकण्यात अर्थ नव्हता. नट सोडवतानाच मला मधले दोन नट फार सहज सुटल्यासारखे वाटले होते. हेडच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून फिलर गेज घातला तर मधोमध ४ थाऊची पट्टी सरकत होती. म्हणजे कधीतरी गाडी तापलेली, हेड किंचित वाकलेलं, आणि मधे पकड कमी पडलेली. ब्लॉकवर अजून एक गोष्ट दिसली जी मला माहीत नव्हती. स्टडच्या (हेडचे नट ज्यांवर बसतात त्या आटेदार सळ्यांच्या) मुळाशी ब्लॉकचं लोखंड बारीक कंगोऱ्यासारखं वर आलेलं. वर्षानुवर्षं स्टड वर ओढला जातो आणि भोकाची कड सोबत वर येते, मग हेड ब्लॉकवर न बसता त्या कंगोऱ्यांवर बसतं. स्टड काढून भोकांच्या कडा हलक्या हाताने मोडल्या. हेड मशीन शॉपमध्ये देऊन तोंड साफ करून घेतलं, अगदी लागेल तेवढंच, जास्त घासलं की कम्प्रेशन वाढतं. तोवर व्हॉल्व्ह काढून पेस्ट लावून घासले. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला बारीक खड्डे होते, ते गेले. सीट खरंच थोडी खाली गेलेली आहे, कधीतरी कडक सीट बसवून घ्यावी लागेल, पण ते आत्ता नाही.

बसवण्याचं फार सांगत नाही. गास्केटवर वरची बाजू आणि पुढची बाजू लिहिलेली असते, तशीच ठेवायची. टॉर्क रेंच लावून ४० फूट-पौंड, मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत. टॅपेट परत १२ थाऊ. गाडी एकदा गरम होऊन गार झाली की नट परत तपासायचे आणि टॅपेट पण, हे कंटाळा न करता करायचं, बहुतेक आमच्या जुन्या गास्केटच्या वेळी कोणीतरी तेवढाच कंटाळा केला होता. कोणी ते मी बाबांना विचारलं नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

कम्प्रेशन परत मोजलं. १५५, १५०, १५०, १५०. हे आकडे बघून मला नाचावंसं वाटलं. पाणी भरलं, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, थरथर गेली, आवाज भरदार. अर्धा मिनिट. आणि मग मिसिंग!

मी तिथंच खाली बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. बाबा मात्र डोळे मिटून ऐकत होते. "ही ती नाही," म्हणाले. "आधीची तालात होती. दर फेरीला त्याच जागी चुकायची. ही बेताल आहे, कधी हा, कधी तो. ही तू आणलेली आहे."

तू आणलेली म्हणजे त्या शनिवारच्या सहा वस्तूंपैकी. गास्केटच्या मोठ्या मिसिंगखाली ही दबून गेली होती, गाडी तेव्हा आधीपेक्षा वाईट झाली ती यामुळेच. आता मात्र मी एकेक वस्तू बघायची ठरवलं. आधी कंडेन्सर, डब्यातला जुना परत लावला. फरक नाही. मग रोटर. रोटर जागेवर ठेवला, कॅप काढली, कॉइलकडून येणारी जाड वायर कॅपमधून सोडवून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या वर सूतभर अंतरावर धरलं, पकडीने, हाताने नाही. गाडीतले दिवे मालवले, इग्निशन ऑन, आणि भाच्याने सुक्या लाकडी काडीने मिटलेले पॉइंट उघड-मीट केले. रोटर चांगला असेल तर इथं स्पार्क पडायला नको, कारण खाली जायला रस्ताच नाही, फार तर पहिल्यांदा एक बारीक ठिणगी. आमच्याकडे टिक, टिक, टिक, दर वेळी निळी ठिणगी. म्हणजे करंट रोटरच्या अंगातून खालच्या दांड्याला जात होता. रोटर काढून उलटा केला, पितळेची पट्टी ज्या रिव्हेटने ठोकलीय तिच्या खाली प्लॅस्टिकला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. बस, तेवढाच. अर्धा मिनिट चांगली का चालली तेही कळलं, गरम झाल्यावरच फुटत होता तो.

पत्र्याचा डबा उघडला. जुना तपकिरी रोटर, त्याला रिव्हेटच नाही, पितळ सरळ आत ओतलेलं. तोंडावरची काजळी पुसली, बसवला, तीच चाचणी केली, ठिणगी नाही. कॅप लावली, सेल्फ मारला.

मी वायरी एकेक काढून बघितल्या, या वेळी नुसतं ऐकायला. एक, इंजिन दचकलं. दोन, दचकलं. तीन, दचकलं. चार, दचकलं. बॉनेटच्या कडेला मुद्दाम पाना ठेवला, तो जागचा हलला नाही. भाचा पाण्याची बाटली घेऊन आला आणि मधल्या फांदीवर थेंब टाकला, चुर्र.

बाबा खुर्चीतून उठले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते वाकून बघायचा प्रयत्न करत म्हणाले, "पुढं पाणी टपकतंय बघ."

टपकत होतं. हेड आणि पाण्याच्या पंपाच्या मधला तो बोटभर लांबीचा बायपास होस, हेड खाली असताना दोन मिनिटांत बदलून झाला असता, आणि मी जुनाच परत बसवला होता. बघतो म्हटलं, बॉनेट लावलं आणि आधी त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आलो.